रेशमावर कास्तिल्योनेचा घोडा: कोकणच्या हवेत सरस-तुरटीचं प्रमाण?

रंगरेषा (कुडाळ):
इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा झालेल्या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीत रेशमावर जलरंगांची कार्यशाळा आहे. चिनी दरबारातले जेझुइट (एका ख्रिस्ती धर्मसंघाचे) चित्रकार फादर कास्तिल्योने (चिनी नाव लांग शिनिंग) यांच्या १७२८ च्या ‘शंभर घोडे’मधला एकच घोडा घ्यायचा आहे. कोऱ्या रेशमावर रंग पसरतो. तो पसरू नये म्हणून लावायच्या सरस-तुरटीचं प्रमाण काय ठेवावं? आणि पुढे त्यांनीच रंगवलेला चिनी सम्राट चियेनलोंगचा चेहरा घेतला, तर त्यावर छाया जवळजवळ नसताना उठाव कसा आणायचा?

खळवाला (रत्नागिरी):
१६७९ च्या एका चिनी चित्र-पुस्तिकेत उन्हाळ्यासाठी सात भाग सरसाला तीन भाग तुरटी आणि हिवाळ्यासाठी दहाला तीन असं प्रमाण आहे. आपल्याकडे बारमाही सातास तीनच धरा. एक लिटर पाण्यात १४ ग्रॅम सरस, ६ ग्रॅम तुरटी. सुताराचा काळपट सरस नको, खाण्याचं साधं जिलेटिन चालतं. ते गार पाण्यात फुगवून मंद आचेवर विरघळवा, उकळू देऊ नका. तुरटी वेगळ्या भांड्यात गार पाण्यात विरघळवायची आणि सरस निवल्यावरच मिसळायची. गरम सरसात तुरटी टाकली की काम बिघडलंच.

रेशीम चौकटीवर गव्हाच्या खळीने चिकटवा. ओलं झाल्यावर ते सैल पडतं, घाबरू नका, वाळलं की परत ताणतं. चौकट भिंतीला तिरकी टेकवून रुंद ब्रशने तीन हात द्या: पहिला हलका, दुसरा भरपूर, तिसरा अगदी पातळ. प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या. मग कोपऱ्यात पाण्याचा थेंब टाकून पाहा. पसरला तर अजून एक हात हवा. तुरटी जास्त झाली असेल तर वाळल्यावर पांढरट कण दिसतात आणि ब्रश अडखळतो. सरस जास्त झाला तर रंग मळकट दिसतो आणि गुंडाळताना तडकतो.

पावसाळ्यात हे करूच नये. सरस हवेतली ओल ओढतो, चिकट राहतो आणि बुरशी धरतो. दिवाळीत पाऊस लांबला असेल तर कार्यशाळा डिसेंबरात न्या. उरलेलं मिश्रण दुसऱ्या दिवशी वापरू नका.

मांडवीकाठ (पणजी):
आधी एक दुरुस्ती: कास्तिल्योने फादर (दीक्षित धर्मगुरू) नव्हते, ब्रदर (संघाचे साधे सदस्य) होते, शेवटपर्यंत. मुलांना हेही जरूर सांगा की लिस्बनहून निघून १७१४ मध्ये ते गोव्याला उतरले आणि तिथून १७१५ मध्ये मकावमार्गे बीजिंगला पोचले. म्हणजे हा रस्ता आपल्याच किनाऱ्यावरून गेला.

आता चेहरा. एका बाजूने पडलेली गडद छाया दरबाराला डागासारखी वाटे, म्हणून प्रकाश समोरून, सारखा पडलेला धरला जाई. नाकाच्या कडा, पापण्यांखालचा भाग आणि हनुवटीखाली त्वचेच्या रंगाचीच किंचित गडद छटा, पाण्याने विरवून. काळा मिसळू नका. एका गडद थरापेक्षा चार-पाच फिकट थर द्या. घोड्याच्या अंगावर मात्र बारीक, आखूड रेघा केसांच्या दिशेने मारा. पोटाकडे त्या दाट, पाठीवर विरळ. जाड बाह्यरेषा काढली की घोडा चपटा होतो.

रेशमावर खोडता येत नाही. मूळ चित्र सुमारे ९४.५ सेंमी उंच आणि पावणेआठ मीटर लांब आहे, आणि त्याचा कागदावरचा कच्चा आराखडा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. दरबारात कच्चा आराखडा सम्राटाने पसंत केल्यावरच रंगाला हात लागे. तुम्हीही आधी आराखडा कागदावर पक्का करा, मग रेशमाच्या मागे धरून गिरवा.

रंगरेषा (कुडाळ):
खूप आभार दोघांचेही. ब्रदर हा उल्लेख पत्रकात दुरुस्त करतो. मुलांना वाटायचा आराखडा काळ्या शाईने काढला तर रेशमातून पुरेसा दिसेल ना?

खळवाला (रत्नागिरी):
दिसेल. पण शाई पाण्याने न विरघळणारी घ्या आणि कागद रेशमाला टेकू द्या, चिकटवू नका. रंगाचा पहिला हात देण्याआधी कागद काढून घ्या, नाहीतर ओल खाली झिरपून दोन्ही एकमेकांना धरतील.