मथळ्यातलं क्रियापद कोण तपासतं?

रेघोटी
आत बातमीत 'न्यायालयाने विचारणा केली', वर मथळ्यात 'न्यायालयाने झापले'. आत 'दरात किंचित वाढ', वर 'दर भडकले'. नाव, तारीख, आकडा सगळं खरं, त्यामुळे बातमी खोटी म्हणता येत नाही. फुगवतं ते क्रियापद.

आणि त्याचा परिणाम होतो. १९७४ मध्ये एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या फिती दाखवून वेग विचारला. प्रश्नात 'धडकल्या' असा साधा शब्द होता तेव्हा सरासरी उत्तर आलं ताशी ३४ मैल. 'जोरात आदळल्या' या अर्थाचा शब्द घातल्यावर जवळपास ४१. दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर, त्या जोरकस शब्दाच्या गटातल्या जास्त जणांना फुटलेल्या काचा 'आठवल्या'. फितीत काचा फुटल्याच नव्हत्या! मला ही गोष्ट फार अस्वस्थ करते.

जुना उपसंपादक
असहमत. दोन कॉलमच्या मथळ्यात सहा शब्द बसतात, पान सोडायला दहा मिनिटं उरलेली असतात. शिवाय सौम्य शब्द म्हणजे खरा शब्द, हे कुणी ठरवलं? बेदम मारहाणीला 'बाचाबाची' म्हटलं की तीही फसवणूकच. 'झापले' कधीकधी अगदी नेमकं असतं.

काठावरची
'बाचाबाची'चा मुद्दा पटला. पण भडक शब्द नसतानाही घात होतो. ऑक्टोबर १९९५, ब्रिटन. नव्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका 'दुप्पट'. खरंच होतं ते: सात हजारांत एकीऐवजी दोघींना. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाल्याचा अंदाज आहे.

जुना उपसंपादक
तो इशारा औषध-सुरक्षा समितीनेच दिला होता. वर्तमानपत्रांनी तो छापायचा नाही का?

रेघोटी
छापायचाच. 'बाचाबाची'बद्दल तुमचं मान्य, माझी तक्रार जोरकस शब्दाबद्दल नाही, आतल्या मजकुराने न पेललेल्या शब्दाबद्दल आहे. आणि जागेचं म्हणाल तर 'सात हजारांत एकीऐवजी दोघींना धोका' मोजून पाहा. पाच शब्द आहेत.