नकाशावर तर रस्ता होता! – ग्रॅव्हल सायकलवरचे डोंगरी अनुभव

डांबर संपून खडी सुरू होते, तिथून पुढचं लिहा. धुकं, सूर्योदय आणि झाडाला टेकवलेली सायकल हे फोटो सगळ्यांकडे आहेत, ते इथे नकोत. डोंगरातल्या जंगलात ग्रॅव्हल सायकल (खडी-मातीच्या रस्त्यांसाठीची जाड टायरची सायकल) घेऊन गेलात तेव्हा रस्ता ओळखण्यात कुठे फसलात, ते सांगा. खाली प्रतिसादात चार ओळी लिहिल्या तरी चालेल. पहिली फजिती माझी.

खिंडीत जायला नकाशावर दोन वाटा दिसत होत्या. एक 11 किलोमीटरची, गांडुळासारखी वळणं घेत जाणारी. दुसरी जेमतेम साडेतीन किलोमीटर, पट्टीने आखल्यासारखी सरळ. चढाई दोन्हीकडे तेवढीच, साधारण 450 मीटर. मी सरळ वाट धरली. ती निघाली जाळरेषा! वणवा पुढे सरकू नये म्हणून डोंगराच्या धारेवरची झाडी साफ करून ठेवलेला पट्टा. सरासरी चढ 13 टक्के, पण सरासरी फसवी असते; मधले तुकडे भिंतीसारखे होते. त्यावर सगळा घसारा, सुटी निसरती खडी. उभं राहून पॅडल मारलं की मागचं चाक जागच्या जागी फिरायचं, बसून मारलं की पुढचं उचलायचं. दोन तास सायकल ढकलली. वर पोचलो तर लांबची वाट शेजारून येऊन मिळालेली, तिचा चढ 4 टक्के. ती लाकूडतोडीच्या ट्रकसाठी केलेली होती. भरलेल्या ट्रकला चढ-उतर करता यावी म्हणून असे रस्ते डोंगराला वळसे घालत सावकाश चढतात, आणि ट्रक जातो तिथे सायकल जातेच. जाळरेषेला किंवा विजेच्या मनोऱ्यांखालच्या पट्ट्याला कुणाच्या दमाशी काही देणंघेणं नसतं. आता मी अंतर नंतर बघतो. आधी बघतो की वाट केली कुणी आणि कशासाठी.

*

मग माझी वाट सगळ्यात सोपी म्हणायची. रूळ काढून टाकलेला जुना रेल्वेमार्ग. आगगाडीला चढ सोसत नाही, त्यामुळे सगळा मामला दोन-तीन टक्क्यांचा. खरं सांगू? तिसऱ्या तासाला कंटाळा आला. एकच गिअर, एकच वेग. बोगदा आला तेव्हा जाग आली, कारण दिवा घरी राहिला होता. उन्हातून एकदम काळोखात शिरलं की पहिले काही क्षण आपलंच हँडल दिसत नाही. चालत पार केला, एक हात भिंतीला लावून.

*

नवी सायकल घ्यायची म्हणून इथे वाचायला आलेल्यांसाठी: थांबा, आधी चाकातली हवा कमी करून बघा. मी रस्त्यावरच्या सवयीने 40 मिलिमीटरच्या टायरमध्ये 60 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरून जंगलात गेलो होतो. सायकल प्रत्येक दगडावरून चेंडूसारखी उडायची, आणि मी सगळ्यांना सांगत सुटलो की हा रस्ताच वाईट आहे. पुढच्या वेळी एकाने न विचारता माझी हवा 35 वर आणली. तोच रस्ता, वेगळा निघाला. टायर दगडाला अंगावर घेतो, त्यामुळे पकड वाढते. (माझं वजन 70 किलो आहे, जड माणसाने थोडी जास्त ठेवावी, पुढच्या चाकात मागच्यापेक्षा थोडी कमी.) ट्यूब असेल तर फार खालीही जाऊ नका, दगड आणि रिम यांच्यात ट्यूब चिमटते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात, साप चावल्यासारखी. मी पुढे ट्यूबलेस केलं, म्हणजे ट्यूबच काढली. त्यातलं सीलंट, म्हणजे भोकं बुजवणारं पातळ द्रव, काही महिन्यांत वाळतं, हे मला जंगलात समजलं. टायर हलवला तर आत खुळखुळ नव्हतीच.

*

माझं थोडं लांबेल.

वापरातून काढलेला एक लाकूडतोडीचा रस्ता उतरत होते. ओपनस्ट्रीटमॅप या ऑनलाइन नकाशावर त्याला ग्रेड टू दिलेली होती, म्हणून निश्चिंत होते. ती ग्रेड जमीन किती टणक आहे एवढंच सांगते: वन म्हणजे पक्की, फाइव्ह म्हणजे मऊ माती-गवत. चढ किती, रस्ता किती मोडलाय, याचा त्यात पत्ता नसतो. मी तिला रस्त्याचं प्रगतिपुस्तक समजत होते.

असा रस्ता बंद करताना त्यावर ठिकठिकाणी आडवे चर खणतात. पावसाचं पाणी रस्त्याच्याच उताराने धावलं तर अख्खा रस्ता वाहून जाईल, म्हणून ते मध्येच बाजूला काढून द्यायचं. चढताना हे चर लांबून दिसतात. उतरताना त्यांची अलीकडची कडा रस्त्याशी एकजीव होते, आणि झाडांच्या कवडशांत तर उजेड कुठला आणि खड्डा कुठला तेच कळत नाही. त्यात माझ्या डोळ्यांवर काळा चष्मा! पहिला चर दिसला, दुसरा दिसला, तिसरा दिसला नाही.

मला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. सायकल उजव्या अंगावर पडली होती. उठून बसले, गिअर टाकला, तर डिरेलर (चेन एका दातरीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) थेट चाकाच्या तारांकडे वळलेला. त्याला फ्रेमशी जोडणारा हँगर वाकला होता. तो पातळ तुकडा मऊ धातूचा मुद्दामच करतात, म्हणजे आपटल्यावर तो जातो आणि फ्रेम वाचते. ही कल्पना मला फार आवडते, पण जवळ दुसरा हँगर असेल तरच. वेगवेगळ्या सायकलींचे हँगर वेगळे असतात, त्यामुळे दुसऱ्याचा मागून घेतला तरी बसेलच असं नाही. चेन तोडून आखूड केली, डिरेलरला वगळून मधल्या एका दातरीवर बसवली. आता सायकलला एकच गिअर. दर पाच मिनिटांनी चेन उतरायची. 14 किलोमीटर असे काढले, त्यातले निम्मे तरी चालत. हातांना लागलेलं काळं दोन दिवस गेलं नाही.

*

वाट आहे म्हणजे परवानगी आहे, असं धरून चालू नका. हे देशागणिक बदलतं. ऑस्ट्रियात जंगलातून पायी कुणीही हिंडावं, पण सायकलला मालकाची संमती लागते. तो रुंद, गुळगुळीत, मोकळा वनरस्ताही त्यात आला. जर्मनीच्या बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्यात, म्हणजे ब्लॅक फॉरेस्टच्या भागात, दोन मीटरपेक्षा अरुंद वनवाटेवर सायकलला एरवी मनाई आहे. उलट स्कॉटलंडमध्ये 2003 च्या कायद्याने जबाबदारीने वागणाऱ्याला बहुतेक ठिकाणी सायकलनेही जाता येतं. मी एका फाटकापाशी अर्धा तास हुज्जत घातली आणि शेवटी समोरच्या रखवालदाराचंच बरोबर निघालं. तो शांत होता, मीच तापलो होतो.

*

ट्रकचा उल्लेख आलाच आहे म्हणून. तोड चालू असलेल्या जंगलात वळणावर आतल्या बाजूला चिकटून जाऊ नका. लांब ओंडके लादलेल्या ट्रकचं मागचं चाक वळताना तिथेच येतं. आवाज आला की सरळ रस्ता सोडून उतरा. तो गेला की लगेच निघू नका, धूळ बसू द्या. मी निघालो होतो. धुळीत दुसरा ट्रक होता. तो कसा थांबला, मला अजून कळलेलं नाही.

*

रस्त्यावरच्या त्या पन्हाळी पत्र्यासारख्या लाटांचं कुणीच कसं लिहिलं नाही? कोरड्या, सुट्या मातीवर वेगाने जाणारी चाकं त्या आपोआप घडवतात. उडालेलं चाक जिथे आपटतं तिथे खळगा, तिथून पुन्हा उडतं. त्यांवरून चार तास उतरल्यावर माझी करंगळी आणि शेजारचं बोट बधिर झालं, बटण लावता येईना. मनगटाच्या त्या बाजूने जाणारी नस हँडलवर दाबली जाते. आता दर थोड्या वेळाने हँडलवरची हातांची जागा बदलते आणि रस्त्याच्या अगदी कडेने जाते, तिथे लाटा कमी असतात.

*

धागाकर्त्यांशी अर्धीच सहमत. ट्रकचा रस्ता चढाला सोपा, हे खरं. पण ट्रकला डोंगर ओलांडायचा नसतो हो, त्याला लाकूड आणायचं असतं. त्यामुळे असे रस्ते झाडापर्यंत जातात आणि तिथेच संपतात.

मी हळू चालवते, वयही झालं आहे, म्हणून उतार आला की तो सोडवत नाही. एका फाट्यावर डावीकडची वाट खाली जात होती, रुंद, सुरेख. सहा किलोमीटर पाय न हलवता उतरले. पुढे एक गोल मैदान, कडेला ओंडक्यांची सालं, बुंधे, आणि बस. ओंडके रचायची जागा. चारी बाजूंनी जंगल. सहा किलोमीटर पुन्हा वर.

चढताना हळूहळू खाली बघायला वेळ मिळाला. चाकोरीतला पाचोळा अख्खा होता, एक पान चिरडलेलं नाही. मधल्या पट्ट्यातलं गवत गुडघ्याएवढं. फाट्यावर परत आले तर उजव्या वाटेवरच्या चाकोरीत पाचोळ्याचा भुगा. म्हणजे रहदारी तिकडून. हे उतरायच्या आधी बघायला हवं होतं.

तेव्हापासून प्रत्येक फाट्यावर पाय टेकते आणि पानं बघते. मागच्या महिन्यात दोन्हीकडे भुगा होता. उताराची घेतली. मैदान याही वेळी गोलच होतं.