मदत हवी आहे: गेममध्ये लेव्हिटेशन (हवेत तरंगणं) चालू असूनही भोकात पडतोय

तापीकाठ
लेव्हिटेशनची रिंग बोटात आहे आणि तरी मी भोकात पडतोय! पाऊल टाकलं की हवेच्या झोताने खाली ओढलं असा मेसेज येतो आणि थेट खालच्या लेव्हलवर. वर आलो की पुन्हा तेच. बाकी सगळीकडे रिंग नीट चालते, पाण्यावरूनही जाऊन आलो. बग आहे का? लवकर सांगा, लाइट जायच्या आत संपवायचंय.

धुळेकर_दादा
गेम कोणता?

तापीकाठ
नेटहॅक. आणखी कोणता असणार?

रावेरची_केळी
व्हर्जन सांग भो. ३.४.३ वर असशील तर आधी ३.६ टाक. मी टाकलं तेव्हापासून काही त्रास नाही.

धुळेकर_दादा
व्हर्जनचा इथे काय संबंध? तापीकाठ, तू सोकोबानमध्ये, म्हणजे दगड ढकलून खड्डे बुजवायच्या कोड्यांच्या भागात आहेस का?

तापीकाठ
हो, तिसऱ्या लेव्हलला. वाल्किरी (लढवय्यी बाई) हे पात्र घेतलंय. खालच्या दोन लेव्हलला दगडांच्या भानगडीत पडलोच नाही. खड्ड्यात उतरायचं, थोड्या चाली गेल्या की पलीकडे चढायचं. इथे ते चालत नाही.

धुळेकर_दादा
हे आधी सांगायचं ना राव. बग नाही, मुद्दाम तसं केलंय. सोकोबानच्या पहिल्या दोन लेव्हलला खड्डे असतात, वरच्या दोन लेव्हलला आरपार भोकं. खड्ड्यातून चढता येतं, भोकातून खालीच जाणार. उडून कोणी कोडं चुकवू नये म्हणून तो हवेचा झोत ठेवलाय. रिंग काढून ठेव, उगाच भूक वाढवते. दगड ढकलून भोकं बुजव. किती दगड उरलेत?

भुसावळ_यार्ड
ट्रॅपचा विषय निघालाच आहे तर सांगतो. वरून दगड पडतो तो ट्रॅप जास्त वाईट. जिवाचे २ ते १२ पॉइंट जातात. लोखंडी हेल्मेट असलं तर २ च. खाणीत बुटके मारा, त्यांच्याकडे हेल्मेट मिळतं. नवीन पोरं हेल्मेट घालतच नाहीत, गेममध्येही आणि नॅशनल हायवेवरही.

रावेरची_केळी
यार्डवाले, तो भोकाचं विचारून राहिला, तुम्ही टोपी विकून राहिले.

तापीकाठ
कोपऱ्यात अडकलेले सोडले तर ६ दगड. भोकं ८.

अमळनेरकर
मग गेलं. नवीन गेम काढ. दगड कोपऱ्यात घालणाऱ्याने सोकोबानला हात लावू नये. मूळ जपानी सोकोबान १९८२ चा, त्यात ढकलण्याशिवाय काहीच नव्हतं. लोक तेवढ्यावर खेळलेच ना?

धुळेकर_दादा
आयकी ले भो, त्याची वाल्किरी जिवंत आहे, नवीन गेम कशाला? तापीकाठ, पहिल्या लेव्हलला जिन्याजवळ अर्थचे (earth, म्हणजे मातीचे) जादूचे स्क्रोल असतात, ते उचललेस का?

तापीकाठ
ते काय असतं? नाही. खड्ड्यांकडेच गेलो सरळ.

धुळेकर_दादा
मग तिथेच असतील. भोकात उडी मार, तसाही पडतोच आहेस. खालून जिन्याने पहिल्या लेव्हलला जा आणि घेऊन ये. वाचलास की तुझ्या आजूबाजूच्या मोकळ्या घरांत दगड पडतात. गल्लीत वाचू नको, समोरचा एक कामी येईल आणि बाकीचे मागे वाट अडवतील. रुंद जागा बघून वाच, म्हणजे दगडाच्या मागे जायला वाव राहील.

अमळनेरकर
आणि लक (नशिबाचे पॉइंट) जातं ते? त्याचंही सांगा की.

धुळेकर_दादा
सांगणारच होतो. सोकोबानमध्ये तो स्क्रोल वाचला की लक एकाने उतरतं. लक शून्याच्या खाली असताना प्रार्थना करायची नाही, देव उलटतो. साधारण ६०० चालींत एक पॉइंट भरून येतो. फक्त लकस्टोन (लक धरून ठेवणारा खडा) जवळ बाळगू नको, नाहीतर उतरलेलं लक तसंच राहील.

अमळनेरकर
चोरी ती चोरी.

भुसावळ_यार्ड
साधा स्क्रोल असेल तर एक दगड वाचणाऱ्याच्या डोक्यावरही पडतो. डोक्यावर लोखंड असलं तर २ पॉइंट. मघाशी हसत होते लोक.

तापीकाठ
माझ्याकडे एल्व्हन लेदर हेल्म आहे. चालेल का?

भुसावळ_यार्ड
चामडं. नाही चालणार. बुटक्याचं लोखंडीच लागतं.

रावेरची_केळी
लाइटचं काय झालं? आमच्याकडे दुपारपासून नाही. मध्येच बंद पडला तर घाबरू नको, गेमच्या फोल्डरमध्ये रिकव्हर नावाचा प्रोग्राम असतो. चेकपॉइंट (खेळताना आपोआप नोंद ठेवणं) चालू असेल तर त्याने गेम परत येतो.

तापीकाठ
बॅटरी पाच मिनिटंही टिकत नाही. सेव्ह करून ठेवलंय. सगळ्यात वर बक्षीस नेमकं मिळतं काय? होल्डिंगची बॅग (सामानाचं वजन कमी करणारी) ना?

धुळेकर_दादा
बॅग किंवा रिफ्लेक्शनचा (मारा परतवणारा) ताईत. चौथ्या लेव्हलचे दोन नकाशे आहेत, तुला कोणता आला त्यावर आहे. त्याच्या आधी झोपलेल्या प्राण्यांनी भरलेली खोली लागेल, दारातच उभं राहून एकेक मार.

रावेरची_केळी
ताईत आला तर मला कळव, मला आजपर्यंत बॅगच मिळालीय.