प्रवासात इंटरनेट कंपनीचे सार्वजनिक वायफाय वापरावे का?

जुळे सोलापूरकर (प्रश्न):
नमस्कार. माझा चादरी-टॉवेलांचा घाऊक व्यापार असून महिन्यातून तीन-चार वेळा सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जावे लागते. घरी ज्या कंपनीचे ब्रॉडबँड आहे, तिचे इतर शहरांतील हॉटस्पॉटही त्याच खात्यावर वापरता येतील, असे जोडणी घेताना सांगण्यात आले होते. मागच्या खेपेस पुण्यात त्या नावाचे वायफाय दिसले, फोन जोडलाही गेला. परंतु लॉगिनचे पान शेवटपर्यंत उघडले नाही आणि ग्राहक सेवेने 'फोन बंद करून चालू करा' यापलीकडे काही सांगितले नाही. शिवाय अशा वायफायवरून यूपीआयने पैसे पाठवणे कितपत योग्य आहे?

सात रस्ता:
लॉगिन होईपर्यंत हॉटस्पॉट आपली प्रत्येक मागणी अडवून स्वतःच्या पानाकडे वळवतो. मात्र 'एचटीटीपीएस'ची, म्हणजे सांकेतिक रूपात येणारी सुरक्षित पाने अशी वळवता येत नाहीत; त्यामुळे ब्राउझरमध्ये नेहमीचे संकेतस्थळ उघडू पाहिल्यास नुसते चक्र फिरत राहते. 'नेव्हरएसएसएल डॉट कॉम' हे साध्या 'एचटीटीपी'वर चालणारे पान उघडून पाहा, लॉगिनचे पान बहुधा समोर येईल. तरीही न आल्यास व्हीपीएन (आपली इंटरनेट-वाहतूक दुसऱ्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा) बंद करा आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमधील 'प्रायव्हेट डीएनएस' (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता कोणत्या सेवेने शोधायचा, ती निवड) तपासा. तेथे एखाद्या सेवेचे नाव भरलेले असेल, तर लॉगिनपूर्वी फोन त्या सेवेपर्यंत पोहोचू शकत नाही आणि सगळेच अडते.

होटगी रोड:
पैशांबाबत माझे मत स्पष्ट आहे: त्या दोन मिनिटांपुरते वायफाय बंद करून मोबाईल डेटा वापरावा. बँकेच्या ॲपचा मजकूर सांकेतिक रूपातच जातो, हे खरे. हॉटस्पॉट चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही, फार तर आपण कोणत्या संकेतस्थळावर गेलो एवढे दिसते. खरा धोका नावाचा आहे. पासवर्ड नसलेल्या वायफायला कोणीही तेच नाव देऊ शकतो आणि एकदा जतन केलेले नाव दिसताच फोन आपणहून जोडला जातो. समोर आलेले पान खोटे असेल, तर आपण आपल्याच हाताने ब्रॉडबँड खात्याचा पासवर्ड देऊन बसतो. म्हणून 'ऑटो-कनेक्ट' बंद ठेवावे, खात्याचा पासवर्ड अन्यत्र वापरू नये आणि लॉगिनच्या पानाने यूपीआय पिन मागितला, तर तत्काळ बाहेर पडावे.

विजापूर वेस:
थोडे विषयाला सोडून, पण आपल्या गाडीशी संबंधित आहे म्हणून लिहितो. रेलटेल या रेल्वेच्या दूरसंचार कंपनीचे 'रेलवायर' वायफाय स्थानकावर मिळते, धावत्या गाडीत नव्हे. कुर्डुवाडीला ओटीपी येईपर्यंत गाडी हललेली असते, हा माझा अनुभव. रोज पहिली 30 मिनिटे ते मोफत असते, पुढील वापरासाठी 2021 पासून सशुल्क योजना आहेत. तेव्हा मोठ्या फाइली गाडी सुटण्याआधी सोलापूर स्थानकावरच उतरवून घ्याव्यात.

जुळे सोलापूरकर:
सर्वांचे आभार. जाहिराती दिसू नयेत म्हणून मुलाने माझ्या फोनमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' भरून ठेवले होते, असे आज घरी विचारल्यावर कळले. ते बदलून 'ऑटोमॅटिक' केले आहे. पुढच्या मंगळवारी पुण्यात तपासून येथेच कळवतो.