माशीला एचआयव्ही होत नाही, म्हणून काय झालं?

चाळणी:
फळमाश्यांना एचआयव्हीची औषधं देऊन त्यांचं म्हातारपण मोजणाऱ्या प्रयोगांवर शेजारच्या धाग्यावर एकानं ठोकून दिलंय: "माशीला एचआयव्ही होत नाही. मग तिला ती औषधं चारून म्हातारपण कसलं मोजता? पैसे वर आलेत का?" डोकं फिरलं, म्हणून वेगळा धागा. अहो, होत नाही हाच तर फायदा! रुग्ण अकाली थकला तर तो विषाणूमुळे, सततच्या दाहामुळे की रोजच्या गोळीमुळे, हे त्याच्या शरीरात वेगळं काढणं महाकठीण. माशीत विषाणूच नाही. झिडोव्ह्युडिन, स्टाव्ह्युडिन ही औषधमंडळी विषाणूचं एन्झाइम अडवता अडवता मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीतल्या ऊर्जाघरांच्या, डीएनएची नक्कल काढणाऱ्या पॉलिमरेज गॅमा या एन्झाइमलाही खोडा घालतात. हे पॉलिमरेज गॅमा माशीतही आहे. आणि २५ अंशांवर ती दोन-अडीच महिन्यांत आयुष्य उरकते.

उलटतपासणी:
ते वाक्य माझं आहे, नाव घ्यायला लाजू नका. माशीला हाडं नाहीत, आपल्यासारखी मूत्रपिंडं नाहीत. टेनोफोविर या एचआयव्हीच्या औषधाचा त्रास नेमका तिथेच. मग काय मोजणार, पंख?

कुपीवाली:
मूत्रपिंडाच्या जागी माल्पिघीच्या नलिका आणि नेफ्रोसाइट नावाच्या गाळणाऱ्या पेशी आहेत. हाडांचं मान्य. पण माझं भांडण दोघांशी आहे. औषध अन्नात कालवून देतात. चव बिघडली की माशी कमी खाते, आणि अर्धपोटी माशी बरेचदा जास्त जगते! म्हणजे औषध विषारी असूनही आलेखावर आयुष्य वाढलेलं. अन्नात निळा रंग घालून पोटात किती गेलं ते तपासा म्हटलं, की उत्तर ठरलेलं: "आता कुठे, पेपर पाठवायचाय." चढण्याच्या चाचणीचंही तेच. कुपी टेबलावर आपटायची, सगळ्या तळाशी पडतात, मग रेषेपर्यंत किती जणी चढल्या ते मोजायचं. म्हाताऱ्या तळाशीच घुटमळतात. उपाशी असल्या तर त्या म्हातारपणानं घुटमळताहेत की भुकेनं, सांगा.

उलटतपासणी:
घ्या! घरचाच अहेर.

चाळणी:
मोजमाप कच्चं म्हणून प्राणीच बाद? आनुवंशिकीवाल्या मॉर्गनला १९३३ साली याच माशीनं नोबेल दिलं.

उलटतपासणी:
आली नोबेलची पोथी. कधी येते त्याचीच वाट बघत होतो.

थोरली:
तुमच्या कुप्या राहू द्या बाजूला. आमचा धाकटा स्टाव्ह्युडिनवर होता. आधी तळपायांची आग, मग बधिरपणा. चप्पल पायातून निसटली तरी त्याला कळायचं नाही, मागे वळून शोधायचा. गाल पार बसले. डॉक्टर म्हणाले, "जिवंत आहात ना?" ते औषध टप्प्याटप्प्यानं बंद करा, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये सांगितलं. त्याआधी माणसं बोंबलतच होती की. माशीला कशाला विचारायचं?

दक्षता:
हे वाचून कुणी गोळ्या सोडतील म्हणून सांगते. एचआयव्ही रुग्णांवरच्या २००६ च्या 'स्मार्ट' चाचणीत औषध मध्येच थांबवणाऱ्यांत आजार आणि मृत्यू दोन्ही वाढले.

थोरली:
सोडा म्हणालं कोण? धाकटा आजही नवी गोळी घेतो, एक दिवस चुकवत नाही. तक्रार केली रे केली की "औषध सोडू नका" हे कीर्तन सुरू. पायांबद्दल विचारलं तर पायांबद्दल बोला ना!

चाळणी:
ताई, तेव्हा माणसं बोंबलली आणि ऐकलं नाही, म्हणूनच गोळी बाजारात येण्याआधी माशीवर बघा म्हणतोय.

थोरली:
माणसाचं न ऐकणारे माशीचं ऐकतील. बरंय.

कुपीवाली:
आणखी तेल ओतते. २०१६ साली डायसर-२ हे जनुक निकामी असलेल्या माश्यांना लॅमिव्ह्युडिन हे एचआयव्हीचंच औषध दिलं, तर त्या जास्त जगल्या. वयाबरोबर जागे होणारे रेट्रोट्रान्स्पोझॉन, म्हणजे डीएनएत स्वतःची नक्कल घुसवणारे तुकडे, एचआयव्हीसारखंच रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज हे एन्झाइम वापरतात, ते या औषधानं दबतात.

उलटतपासणी:
कालपर्यंत विष, आज संजीवनी. ठरवा काहीतरी.

कुपीवाली:
सगळी औषधं एका माळेत ओवू नका. लॅमिव्ह्युडिन पॉलिमरेज गॅमाला फारसं छळत नाही, स्टाव्ह्युडिन छळतं.

उलटतपासणी:
बरं बाई, पाळा माश्या. फक्त प्रत्येक आलेखाखाली त्यांनी किती खाल्लं ते छापा, मग बोलू.