पुरलेल्या तेलटाकीचं काय करावं?

नमस्कार मंडळी,

आम्ही घेऊ पाहतोय त्या घराच्या मागच्या भिंतीलगत जमिनीतून दोन लोखंडी नळ्या वर आल्या आहेत. मालक म्हणतात, हीटिंग ऑइलची, म्हणजे घर गरम ठेवायला जाळतात त्या तेलाची, जुनी टाकी आहे, कधीच वाळू भरून बंद केली. काढायला लावू की राहू देऊ? आणि माती तपासतात म्हणजे नेमकं काय करतात?

---

दादा, राहू देऊ नका. एक नळी तेल भरायची, दुसरी हवेची. वाळू भरल्याचा कागद मागाच, पण त्याहून महत्त्वाचा त्या वेळच्या मातीचा अहवाल. तो नसेल तर टाकी आधीच गळली होती का, हे वाळू काही सांगत नाही.

आमची टाकी बाहेर काढली तेव्हा वरून ठणठणीत वाटत होती. आडवी फिरवली, तर बुडाला टाचणीएवढी भोकं! तेलात थोडंथोडं पाणी साचत जातं, ते जड म्हणून तळाशी बसतं आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरून ओल्या मातीचा मारा असतोच.

काढताना आधी परवाना, मग जमिनीखालच्या गॅस-विजेच्या लाइनींच्या खुणा. उरलेलं तेल आणि गाळ उपसतात. तेल गेलं तरी पेट घेणारी वाफ आत राहू शकते, म्हणून कापण्याआधी ती मोजलीच पाहिजे. हे घरच्या घरी करायचं काम नव्हे.

आता माती. नमुने उपसलेल्या ढिगातून नव्हे, खड्ड्याच्या तळातून आणि बाजूंतून घ्यायचे; टाकीच्या दोन्ही टोकांखालून आणि जिथे डाग किंवा वास असेल तिथून तर हमखास. ते बंद बाटल्यांत, बर्फात ठेवून लॅबला जातात. तिथे एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन (मातीत मिळून किती तेल आहे ते), बेंझीनसारखी उडून जाणारी द्रव्यं आणि नॅप्थलीन बघतात. वासावर विसंबू नका, नाक थोड्या वेळात सरावतं. हातातलं वाफ मोजायचं यंत्रही पेट्रोल चांगलं पकडतं, या जड तेलाला तितकं नाही.

खणणारा आणि नमुने घेणारा वेगळा असू द्या, एवढं ऐकाच. आमच्या खणणाऱ्याने अहवाल यायच्या आधीच 'बरीच माती काढावी लागेल' म्हणून सांगितलं. माती हलवण्याचे पैसे त्यालाच मिळणार होते! शेवटी निघाली ती एका टोकाखालचीच.

---

काका, आभार. पण व्यवहार होण्याआधी खणायला मालक तयार नाहीत. टाकीच्या कडेने बोअर मारून माती घेऊ देतील म्हणाले.

---

बोअर मारून घ्या, पण टाकीच्या तळापेक्षा खोल. तेल वाळूतून बहुतेक सरळ खाली उतरतं. चिकणमातीत मात्र भेग मिळेल तिकडे आडवं जातं आणि बोअर नेमका त्याला चुकवू शकतो. म्हणजे तेल सापडलं तर गळती पक्की, नाही सापडलं तर अर्धाच दिलासा. भूजल वर असेल तर त्याचाही नमुना घ्या, कारण तेल पाण्यावर तरंगत शेजाऱ्याच्या हद्दीत जाऊ शकतं. टाकी काढायचा आणि माती साफ करायचा खर्च मालकाचा, हे करारातच लिहून घ्या. घराच्या विम्यात प्रदूषण बहुधा वगळलेलं असतं, तेव्हा सही करण्याआधी पॉलिसीचं ते कलमही वाचा. आणि पुढे टाकी काढाल तेव्हा अहवाल हातात पडेपर्यंत खड्डा बुजवू देऊ नका. कठडा लावून ठेवा, पोरं खेळायला जातात.