208 व्होल्टचा अमेरिकन कॉम्प्रेसर 415 वर कसा चालवायचा?

गाळा_14
अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल युनिटसाठी जुना अमेरिकन पिस्टन कॉम्प्रेसर घेतलाय. पॅनलच्या पाटीवर 208 व्होल्ट, 3 फेज, 60 हर्ट्झ, 30 अँपिअर. आमच्याकडे दुपारी 402 आणि रात्री माग बंद झाले की 428 व्होल्ट येतात. वायरमन म्हणतो, "208 म्हणजे आपले 230च, फेज-न्यूट्रल देऊन टाकू." देऊ का? की ट्रान्सफॉर्मर घ्यावा? किती केव्हीएचा?

पॅनलवाला
अजिबात देऊ नका. तिकडे फेज-न्यूट्रल 120 असतं, 1.732 ने गुणलं की 208. म्हणजे हा फेज-टू-फेज आकडा आहे, आपल्या 415 चा भाऊ, 240 चा नव्हे. 

ट्रान्सफॉर्मरचा हिशोब: 1.732 × 208 × 30 = 10.8 केव्हीए. पण डायरेक्ट स्टार्टला मोटार सहापट करंट ओढते, 15 केव्हीएवर व्होल्टेज बसेल. 20 चा घ्या, डेल्टा-स्टार (वाइंडिंग जोडायच्या दोन पद्धती, आत डेल्टा, बाहेर स्टार), आयसोलेशनचा, म्हणजे दोन्ही बाजूंची वाइंडिंग वेगळी असलेला.

मोटार_भरणारा
थांबा, एवढा खर्च कशाला? आधी मोटारीची टर्मिनलची डबी उघडा. पॅनलवर 208 असलं तरी मोटारीच्या स्वतःच्या पाटीवर बहुतेक 208-230/460 असतं, म्हणजे तारांची जोडणी बदलली की तीच मोटार 460 वरही चालते.

शिवाय वर 60 हर्ट्झचा विचारच झाला नाही. मोटारीच्या लोखंडातला फ्लक्स (चुंबकत्व) व्होल्ट भागिले हर्ट्झवर ठरतो. 208 भागिले 60 म्हणजे 3.47, आपल्या 50 हर्ट्झवर तेच 208 दिले तर 4.16. लोखंडात 20 टक्के जादा फ्लक्स, मोटार रिकामी फिरतानाही तापेल. 460 च्या जोडणीला मात्र 460/60 = 7.67 आणि आपले 400/50 = 8. जवळपास जुळलं. ट्रान्सफॉर्मर लागतच नाही.

गाळा_14
पाटीवर 208-230/460, 27-25/12.5 अँपिअर, 10 एचपी. तारा नऊ निघाल्या, दोनांचे नंबर पुसलेत.

मोटार_भरणारा
मग काम सोपं. 460 च्या जोडणीसाठी 4-7, 5-8, 6-9 जोडा, सप्लाय 1, 2, 3 ला. आधी मल्टिमीटरने गट (आतून एकमेकींना जोडलेल्या तारा) शोधा: 1-4, 2-5, 3-6 अशा जोड्या आणि 7-8-9 चं त्रिकूट आलं तर स्टार, तीन त्रिकुटं आली तर डेल्टा. जोडणी दोन्हीत हीच. पुसलेले नंबर वेगवेगळ्या गटांतले असतील तर उरलेल्यांवरून कळतील. एकाच गटातले असतील तर अंदाजाने जोडू नका. एक कॉइल उलटी लागली की मोटार घुरघुरते, करंट भडकतो. भरणाऱ्याकडे न्या.

ओव्हरलोड रिले (जादा करंट आला की मोटार बंद करणारा) 27 वरून 12.5 अँपिअरला आणा. तो खाली येत नसेल तर बदला. ही गोष्ट हटकून राहते, आणि मग मोटार जळेपर्यंत रिले गप्प बसतो. कॉन्टॅक्टरची (मोटार चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल 120 व्होल्ट, 60 हर्ट्झची असेल. तिला 415/110 चा 150 व्हीएचा छोटा कंट्रोल ट्रान्सफॉर्मर पुरतो.

वेग एक षष्ठांशाने कमी होईल, तेवढीच हवाही कमी. पुली बदलून वेग भरून काढायला जाऊ नका: 50 हर्ट्झवर ही मोटार साधारण 8.3 एचपीचीच राहते, आणि जुन्या वेगाला कॉम्प्रेसर पूर्ण 10 मागतो.

पॅनलवाला
मान्य, माझा 20 केव्हीए रद्द. फक्त रात्रीचे 428 बघा. 428/50 म्हणजे 8.56, पाटीपेक्षा जवळपास 12 टक्के जास्त. आपल्या ट्रान्सफॉर्मरच्या पाटीवर 433 असतात ते लोड नसतानाचे, म्हणून माग थांबले की आकडा चढतो. ट्रान्सफॉर्मर तुमचाच असेल तर लायसन्सधारक कॉन्ट्रॅक्टरकडून, सप्लाय पूर्ण बंद करून, टॅप (ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज थोडं वर-खाली करायची सोय) 2.5 टक्क्यांनी उतरवून घ्या. 428 चे 418 होतील, दुपारचे 402 ही 392 वर येतील. या मोटारीला 392 सुद्धा पुरतात, पण मागांच्या मोटारींचा करंट त्या दुपारी क्लॅम्प मीटरने तपासा.